चांगल्या डोळ्यावरची पट्टी

लहान मुलाच्या एका डोळ्याची नजर मंद असल्याचे निदान झाले, की त्यावरचा रूढ उपचार ऐकणाऱ्याला प्रथम उफराटाच वाटतो, कारण त्यात दुबळ्या डोळ्याला काही करण्याऐवजी सशक्त डोळाच झाकून ठेवायचा असतो. ज्या डोळ्याने मुलाला आई ओळखू येते, ताटातला घास दिसतो आणि उंबरठा चुकवता येतो, तोच डोळा चिकटपट्टीने बंद करून त्याला दिवसातले काही तास धूसर जगात वावरायला लावणे, आणि तेही ज्या वयात संमती विचारण्याला काही अर्थच नसतो अशा तीन-चार वर्षांच्या वयात, हे वैद्यकाच्या दृष्टीने कितीही निर्विवाद असले तरी नीतीच्या दृष्टीने तितके सरळ नाही. आज अधिक पाहू शकणाऱ्याला कमी पाहायला लावण्याचा अधिकार मोठ्यांना कोठून मिळतो, आणि ज्या दृष्टीची त्या मुलाला कल्पनाही नाही तिच्यासाठी त्याची आजची सुखे किती खर्ची घालावीत, हा प्रश्न धर्मचिंतनाच्या कक्षेत येतो. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तो अधिकच ठळकपणे पुढे येतो, कारण तेथे मुलाच्या डोळ्याचा विचार पुष्कळदा दवाखान्याच्या आधी देव्हाऱ्यासमोर, दर्ग्यात किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांत होऊन गेलेला असतो.

मंददृष्टी म्हणजे डोळ्याच्या रचनेत वरवर काही बिघाड नसताना, किंवा असलेला बिघाड दूर केल्यावरही, पुरेसे स्पष्ट न दिसणे. बोलभाषेत तिला ‘आळशी डोळा’ म्हणतात आणि हे नाव थोडे अन्यायाचे आहे, कारण आळस असलाच तर तो डोळ्याचा नसतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून बराच जास्त असेल, एक डोळा तिरळा असेल, म्हणजे दोन्ही बुबुळे एकाच वस्तूवर रोखली जात नसतील, किंवा जन्मजात मोतीबिंदूने अथवा खाली ओघळलेल्या पापणीने एका डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाची वाट अडवली असेल, तर मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रे पोहोचतात. त्यांतले अस्पष्ट चित्र मेंदू हळूहळू बाजूला सारतो आणि काही काळाने त्या डोळ्याकडून येणाऱ्या संदेशांची दखल घेणेच सोडून देतो. मुलाची यावर काहीच तक्रार नसते. त्याचे सारे एका डोळ्यावर नीट चाललेले असते आणि दोन डोळ्यांनी कसे दिसते हे त्याने कधी अनुभवलेलेच नसते. तिरळेपणा निदान चारचौघांच्या नजरेस येतो; नंबरातल्या फरकामुळे आलेली मंददृष्टी मात्र शाळेतल्या तपासणीत एक डोळा हाताने झाकायला सांगेपर्यंत कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिलांची एक पापणी काही काळ शिवून बंद ठेवली, तेव्हा मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या बहुतेक पेशी उघड्या डोळ्याच्या बाजूला गेल्याचे आणि बंद डोळा पुढे उघडूनही त्याला मेंदूत फारशी जागा उरली नसल्याचे त्यांना आढळले. प्रौढ मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला असता असे काही घडत नव्हते. या दोघांना 1981मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि दृष्टी घडण्याचा एक ठरावीक काळ असतो, जो गेला की तेच काम दुप्पट कष्टांनीही पूर्ण साधत नाही, ही कल्पना बालनेत्रवैद्यकाचा पाया बनली. माणसाच्या मुलात हा काळ सर्वसाधारणपणे पहिल्या सात-आठ वर्षांचा मानतात. त्यानंतरही काही मुलांत सुधारणा होते, पण ती कमी आणि अनिश्चित असते, आणि एकाच डोळ्यात दाट जन्मजात मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या सहा आठवड्यांच्या सुमारास व्हावी असे सांगितले जाते. उपचाराचा क्रमही आता बराचसा ठरलेला आहे. आधी योग्य नंबरचा चष्मा देतात आणि नंबरामुळे आलेल्या मंददृष्टीत सुमारे चौथा हिस्सा मुलांना तेवढाच पुरतो; न पुरल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, किंवा त्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून त्याची जवळची नजर मुद्दाम धूसर करतात. अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि 2003मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत असे दिसले, की मध्यम मंददृष्टीत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकाच गुण देते आणि तीव्र मंददृष्टीत सहा तास हे जवळजवळ दिवसभराच्या पट्टीइतके ठरतात. तत्त्वचर्चेत हे आकडे रुक्ष वाटतील, पण त्यांना नैतिक वजन आहे: जे दोन तासांत साधते त्यासाठी मुलाचे सहा तास घेणे, मग ते कितीही मायेपोटी असो, त्या मुलावर अन्यायच आहे.

डोळे दोन असताना पाहणे एक कसे, हा प्रश्न भारतीय दर्शनांना नवा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांतील तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी आत्म्याचे अस्तित्व सिद्ध करताना जी कारणे दिली आहेत, त्यांत दोन येथे अगदी थेट लागू पडतात. पहिले असे, की जी वस्तू डोळ्याने पाहिली तीच हाताने चाचपली असता ‘ही तीच’ असे ज्ञान होते, आणि हे ज्ञान डोळ्याचे नव्हे व त्वचेचेही नव्हे, म्हणून दोहोंच्या मागे उभा असलेला एक ज्ञाता मानावा लागतो. दुसरे असे, की डाव्या डोळ्याने पाहिलेले उजव्याने ओळखता येते. ज्याने पाहिले त्यानेच ओळखायचे असा नियम असेल, तर पाहणारा डोळा नसून डोळ्यांपलीकडचा कोणी आहे. यावर प्रतिपक्ष मोठा गंमतीचा आक्षेप घेतो: चक्षू मुळात एकच आहे, मध्ये नाकाचे हाड आल्यामुळे ते दोन भासते इतकेच, आणि त्याला उत्तर मिळते, की एक डोळा नष्ट झाला तरी दुसरा नष्ट होत नाही, म्हणून दोन वेगळेच मानले पाहिजेत. या शेवटच्या मुद्द्यावर पुढच्या टीकाकारांत एकमत राहिले नाही. पण वादाचा विषय पाहता असे म्हणता येते, की मंददृष्टीच्या मुलाविषयी आजचा नेत्रतज्ज्ञ जो प्रश्न विचारतो, त्याच्या अगदी शेजारी हे नैयायिक येऊन बसले होते: डोळा शाबूत असून दिसत नाही, तर न पाहणारा कोण?

युरोपात याच प्रश्नाचे पहिले अंग सतराव्या शतकाच्या अखेरीस पुढे आले. ज्यांची पत्नी अंध झाली होती त्या डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी जॉन लॉक यांना लिहून विचारले, की जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल यांतला भेद कळत असेल आणि त्याला एकाएकी दृष्टी लाभली, तर हात न लावता नुसत्या डोळ्यांनी तो घन कोणता व गोल कोणता हे सांगू शकेल काय. लॉक यांनी 1694च्या आवृत्तीत हा प्रश्न आपल्या ग्रंथात घेतला आणि दोघांचेही उत्तर नकाराचे होते. पुढे 1728मध्ये विल्यम चेसेल्डन या शल्यवैद्याने मोतीबिंदू काढलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली, तीत असे आहे, की त्या मुलाला आरंभी सर्व वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत, आणि कुत्रा कोणता व मांजर कोणती हे तो नजरेने वारंवार विसरे; अखेर त्याने हाताने ओळखून मांजरीला धरले, तिच्याकडे टक लावून पाहिले आणि आता पुढच्या वेळी ओळख पटेल अशा अर्थाचे काही बोलून तिला खाली ठेवले. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात उत्तर भारतातील अशाच उपचारयोग्य अंधत्व असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील पाच मुलांच्या 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पट्टी निघाल्याबरोबर त्यांना हाताने जाणलेला आकार डोळ्यांनी ओळखता येत नव्हता, पण थोड्याच दिवसांत त्यांची ही क्षमता झपाट्याने वाढली. म्हणजे दृष्टी आणि स्पर्श यांच्यातले ‘ही तीच’ हे नाते, ज्यावर नैयायिकांनी आत्म्याचे अनुमान उभारले, ते जन्मतः बांधलेले नसून बांधावे लागते. यामुळे नैयायिकांचे अनुमान कोसळते असे नाही. ज्ञात्याला आपली इंद्रिये वापरायला शिकावी लागतात, एवढीच भर त्यात पडते.

या शिकण्यासाठी आपल्या भाषेत ‘संस्कार’ हा शब्द आहे आणि त्याचे दोन अर्थ येथे एकत्र येतात. दर्शनांत संस्कार म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेला ठसा, ज्याच्या जोरावर पुढची ओळख पटते. घरात संस्कार म्हणजे मोठ्यांनी मुलावर करायचा विधी. विधींच्या बाबतीत मुलाची संमती कधी कोणी विचारली नाही. कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर घट्ट धरलेले असते, सोनाराची तार पाळीतून जाते, किंकाळी फुटते आणि लगेच तोंडात गुळाचा खडा पडतो. जावळ काढतानाही वस्तरा पाहून मूल आकांत करते आणि भोवतालची मंडळी हसत असतात. तेव्हा मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या शरीराला थोडे क्लेश देण्याची या समाजाला सवय नाही असे म्हणता येणार नाही; जे आईबाप कान टोचताना डगमगत नाहीत, तेच पट्टी लावताना कासावीस होतात, आणि त्याचे कारण क्लेशाच्या मात्रेत नाही. कान टोचण्याचा विधी एका क्षणाचा, साऱ्या गोतावळ्यात पार पडणारा आणि शेवटी सोन्याचा डूल देणारा असतो. पट्टी रोजची, महिनोन्‌महिन्यांची, तिला मुहूर्त नाही, सोहळा नाही, आणि ती चारचौघांत वैगुण्यच मिरवते. जो क्लेश समूह वाटून घेतो तो मुलाला सोसवतो, आणि जो एकट्यावर पडतो तो मूल ओरबाडून काढते. पट्टी लावण्याची वेळ घरातल्या दिवाबत्तीसारखी ठरलेली असावी, ती वेळ कोणा एकाच्या नव्हे तर सगळ्या घराच्या ध्यानात असावी, हा सल्ला व्यवहाराचा खरा, पण त्याच्या मुळाशी विधीची हीच जुनी जाण आहे.

घरोघर याच्याही आधी उभा राहतो तो दोषाचा प्रश्न. गरोदरपणात ग्रहण पाळले नाही, अमक्याची दृष्ट लागली, कुलाचार चुकला, मागच्या जन्मीचे काही भोवले, अशी कारणे सांगितली जातात आणि त्यांतली बहुतेक फिरून आईच्या माथी येतात. शास्त्राच्या अंगानेही हे टिकत नाही, कारण कर्मसिद्धान्ताचा मूळ आशय असा, की ज्याचे कर्म त्याला फळ; एकाच्या कर्माचे फळ दुसऱ्याने भोगणे हा त्या सिद्धान्तात दोष मानला आहे. सिद्धान्त जसाच्या तसा मानला तरी मुलाच्या डोळ्याचे कारण मुलाच्याच पूर्वसंचितात शोधावे लागेल, आईच्या ग्रहणात नव्हे. आणि त्या संचितापुढे हात टेकावेत असेही परंपरा एकमुखाने सांगत नाही. योगवासिष्ठात दैव आणि पुरुषार्थ यांना झुंजणाऱ्या दोन एडक्यांची उपमा दिली आहे, ज्यांत आजच्या प्रयत्नाचा एडका कालच्या कर्माच्या एडक्याला मागे रेटू शकतो. जिल्ह्यातील मोठ्या बौद्ध समाजाला पाली परंपरेतला याहून स्पष्ट दाखला देता येतो. संयुक्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारल्यावर बुद्ध वेदनांची आठ कारणे मोजतात, त्यांत पित्त, कफ, वात, ऋतू, विषम आहारविहार, बाहेरचा आघात अशी कारणे येऊन गेल्यावर कर्मविपाक हे आठवे येते, आणि सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या पुढे धावतात असा त्यांचा निर्वाळा आहे. मुस्लिम परंपरेत कुराणाच्या 80व्या सूरेच्या आरंभी, प्रतिष्ठितांशी बोलण्यात गुंतल्यामुळे अंध माणसाच्या येण्याने कपाळाला आठी पडली म्हणून प्रेषितांनाच समज दिलेली आहे. डोळ्याचे वैगुण्य हा दोषाचा पुरावा मानणाऱ्याला या तिन्ही घरांतून आधार मिळणे कठीण आहे.

शेगावला संत गजानन महाराजांच्या समाधीपुढे आणि पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर, जेथे होळीच्या सुमारास सर्व धर्मांचे लोक लोटतात, मुलांसाठी केलेल्या नवसांची गणती कोणी ठेवलेली नाही. नवस आणि औषध यांत वैर आहे असे समजणारे सुशिक्षित श्रद्धेचा स्वभावच ओळखत नाहीत. मुलाला नेत्रालयात नेणारे कित्येक आईबाप जाताना अंगारा लावून निघतात आणि येताना नारळ फोडतात, आणि त्या अंगाऱ्याने त्यांच्या हाताला पट्टी लावण्याचे बळ येत असेल तर त्यात कोणाचे काही बिघडत नाही. अंगारा कपाळाला लावणे आणि डोळ्यात घालणे यांतला फरक मात्र जपला पाहिजे, आणि काजळ, मध, दूध, पाल्याचा रस यांचेही तसेच आहे. अडचण निर्माण होते ती काळाच्या कल्पनेत. धर्माचा काळ चक्राकार असतो. माघात प्रकटदिन येतो, चैत्रात रामनवमी येते, भाद्रपदात ऋषिपंचमी येते; यंदाची वारी हुकली तर पुढल्या वर्षी करता येते, आणि पुन्हा पुन्हा संधी देणे हीच चक्राकार काळाची कृपा आहे. मुलाच्या दृष्टीचा काळ असा फिरून येत नाही. ‘पुढच्या वारीपर्यंत वाट पाहू’ किंवा ‘मोठा झाला की आपोआप सरळ होईल’ असे म्हणणाऱ्याच्या श्रद्धेत काही उणे नसते; तो एका काळाचे माप दुसऱ्या काळाला लावत असतो एवढेच. फेब्रुवारी 2013मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा करण्याची योजना आहे. येथे चक्राकार काळच न फिरणाऱ्या काळाच्या मदतीला येतो, पण संशय आला म्हणून पुढे पाठवलेले मूल खरोखर खामगाव, बुलढाणा, अकोला किंवा घाटावरच्या देऊळगाव राजा-सिंदखेड राजा पट्ट्याला जवळ पडणाऱ्या जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयात पोहोचले तरच.

पट्टीचा प्रत्यक्ष दिवस कसा जातो हे जवळून पाहिल्याखेरीज या चर्चेला अर्थ येत नाही. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या सखल भागात, उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो तेव्हा कपाळावरचा घाम ओघळून पट्टीची वरची कड सुटते आणि मूल त्या फटीतून चांगल्या डोळ्याने पाहू लागते; चष्म्याच्या काचेवर कापड लावले असेल तर ते मान तिरपी करून नाकाच्या बाजूने डोकावते. संध्याकाळी पट्टी सोलताना भुवईचे बारीक केस तिला चिकटून येतात, म्हणून कोमट पाण्याने कड आधी भिजवावी लागते. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आई उजाडताच वावरात गेलेली असते, पट्टी आजीच्या हाती येते, आणि ‘बऱ्या डोयाले कायले झाकता?’ हा तिचा प्रश्न निरुत्तर करणारा असतो, कारण तिच्या अनुभवात झाकलेले सारे कमजोरच होत गेलेले असते. तिला मेंदूतल्या पेशींची गोष्ट सांगण्यापेक्षा घरातले एखादे उदाहरण अधिक पटते: उजव्या हातानेच सारी कामे करणाऱ्याचा डावा हात अडाणी राहतो, आणि उजव्याला काही दिवस झोळीत घातले की डावा घास उचलायला शिकतो. मग तीच सुपात तूर आणि हरभरा मिसळून मुलापुढे ठेवते आणि निवडायला बसवते. पहिल्या आठवड्यांत मुलाची बोटे दाण्याच्या जरा अलीकडे पडतात, चाचपतात, मग दाणा सापडतो. न्यायसूत्रांतली दृष्टी आणि स्पर्श यांची गाठ त्या सुपात बांधली जात असते. अशा जवळच्या कामाने पट्टीचा गुण वाढतो असे 2008मधील चाचणीत दिसले नाही हे खरे, पण त्या कामात मूल पट्टी विसरते, आणि आजीचा विरोधही मावळतो.

मुलाशी खरे बोलावे की नाही, हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. ‘डॉक्टर काही करणार नाहीत, नुसते पाहणार’ असे सांगून मुलाला खुर्चीवर बसवले आणि बाहुली मोठी करणारे, झोंबणारे थेंब डोळ्यात पडले, की त्या दिवशी काम भागते आणि पुढच्या सर्व भेटी अवघड होतात. न्यायपरंपरेत शब्दाला प्रमाण मानताना अट एकच घातली आहे, की बोलणारा आप्त असावा, म्हणजे जे जसे आहे ते त्याला ठाऊक असावे आणि तसेच सांगण्याची त्याची इच्छा असावी. चार वर्षांच्या मुलाला प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन्ही प्रमाणे या बाबतीत बंद असतात. पट्टीने त्याला प्रत्यक्ष वाईटच दिसते आणि पुढच्या दृष्टीचे अनुमान त्याला करता येत नाही. त्याच्यापाशी उरते फक्त आप्तवचन. संमतीची जागा या वयात हा विश्वास भरून काढतो, आणि म्हणून मुलावर सक्ती करण्याचा अधिकार त्याच्याशी खोटे न बोलण्याच्या अटीवरच मिळतो. थोडे झोंबेल, दहा मोजेपर्यंत झोंबेल, मग थांबेल, एवढे सांगितले आणि दहाला खरोखर थांबले, तर मुलाच्या लेखी आईचा शब्द प्रमाण ठरतो. नंबर काढण्याच्या थेंबांचा धूसरपणा काही काळ टिकतो, ॲट्रोपिनचा तर कित्येक दिवस, हेही त्याच वेळी सांगून टाकलेले बरे.

घराबाहेर शब्द वेगळे असतात. ‘चकणा’, ‘ढापण्या’, ‘चार डोळ्यांचा’ ही नावे शाळेच्या पहिल्याच आठवड्यात चिकटतात. ‘ढापण’ म्हणजे जनावराच्या डोळ्यांवर बांधायची झापड, आणि ती उपमा पट्टीला नकळत फार नेमकी लागते. ज्यांचे जन्मस्थान परंपरेने देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे मानले जाते, त्या संत चोखामेळ्यांचा उसाचा दृष्टान्त, ज्यात बाह्य वाकडेपणावरून आतल्या रसाची पारख करू नये असे सांगितले आहे, अशा वेळी कोणत्याही शिक्षकाच्या ओठांवर येतो आणि यावाही. त्याचा वापर मात्र जपून केला पाहिजे. तिरळेपणा हा नुसत्या रूपाचा प्रश्न असता तर दृष्टान्त पुरला असता. येथे बाहेरचा वाकडेपणा आतला रस आटवत असतो, आणि ‘रूपाचे काय एवढे’ अशा उदार वृत्तीने, किंवा तिरळे मूल घराला शुभ असते अशा लाडाने, तो तसाच राहू दिला तर डोळा कायमचा मंद होतो.

अशा घरात गांधारीची आठवण निघणे साहजिक आहे. अंध पतीहून आपण वरचढ ठरू नये म्हणून तिने दोन्ही डोळ्यांवर वस्त्र बांधले, आणि परंपरेने तिच्या त्यागाला हात जोडले. पण त्या वस्त्राने धृतराष्ट्राला एकही अधिक वस्तू दिसली नाही, उलट जिच्या डोळ्यांनी तो पाहू शकला असता ते डोळेही त्याने गमावले. मुलाला पट्टी लागली म्हणून आपणही एक डोळा बांधून बसणारे वडील तासभर त्याचे मन रमवतात आणि त्या तासापुरते ते योग्यच आहे. पण दुःखात मुलाइतकेच आंधळे होणे ही मुलाची सेवा नव्हे. तेवढ्या तासांत कोणीतरी घड्याळ पाहायचे असते, पायरी दाखवायची असते, आणि झाकलेल्या डोळ्याखालची कातडी लाल तर झाली नाही हे बघायचे असते. पट्टीचे गुणगान करतानाही हेच भान हवे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले आणि तान्हेपणीच दृष्टी गेलेले गुलाबराव महाराज (1881–1915) इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत, आणि त्या बळावर त्यांनी अद्वैत आणि मधुराभक्ती यांवर विपुल लेखन केले. ‘प्रज्ञाचक्षू’ ही त्यांची उपाधी वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. ज्याची दृष्टी परतण्याजोगी नाही अशा मुलाच्या घरी हे नाव सांगावे, आणि छांदोग्य उपनिषदातली ती कथाही सांगावी, जिच्यात इंद्रियांच्या भांडणात डोळा रुसून वर्षभर शरीर सोडून जातो आणि परत येऊन पाहतो तो शरीर अंध माणसासारखे जगत, बोलत, ऐकत, विचार करत राहिलेले असते. ज्याची दृष्टी परतू शकते त्याच्या घरी मात्र हेच नाव ‘दृष्टीवाचूनही थोर होता येते’ अशा सबबीसाठी घेतले गेले, तर तो त्या थोर माणसाचा गैरवापर आहे.

सर्व काही वेळेवर आणि नीट करूनही कधी कधी डोळा सुधारत नाही, किंवा सुधारून परत घसरतो. वैशेषिकांनी संस्काराचे जे प्रकार सांगितले त्यांत ‘स्थितिस्थापक’ नावाचा एक आहे, म्हणजे वाकवून सोडलेली फांदी ज्यामुळे पूर्ववत होते तो गुण. पट्टी थांबवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सुमारे चौथा हिस्सा मुलांत मिळवलेली नजर काही अंशी उणावते ती जणू याच नियमाने, आणि म्हणून पट्टी एकदम न थांबवता तास कमी करत नेतात आणि त्यानंतरही तपासण्या चालू ठेवतात. जेथे प्रयत्न फसतो तेथे मुलाचे ते तास वाया गेले का, हा प्रश्न आईबापांना छळतो. सक्ती योग्य होती की नाही हे ती केली त्या वेळच्या ज्ञानावर आणि प्रामाणिकपणावर ठरवायचे असते, फळावर नव्हे, असे नीतिशास्त्र सांगेल. रात्री झोपलेल्या मुलाच्या भुवईवरचा विरळ झालेला पट्टा पाहणाऱ्या आईला ते पुरेल असे नाही. तिच्यापुढे आता दुसरे काम आलेले असते. इतके दिवस जो डोळा झाकला, तोच आता मुलाचा एकमेव भरवशाचा डोळा असतो, आणि त्याला जन्मभर जपायचे असते: नंबर असो वा नसो, सहज न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा लावायचा, विटीदांडूत विटी टोलवणाऱ्याच्या समोर त्याला उभे राहू द्यायचे नाही, दिवाळीत फटाक्यांपासून दूर ठेवायचे, तुराट्यांच्या गंजीत लपाछपी खेळू द्यायची नाही, आणि आजोबांची तंबाखूच्या चुन्याची पुडी, जी दाबली की चुना थेट डोळ्यात उडतो, ती मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंच कोनाड्यात ठेवायची.